बिनदाराची भिंत

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावरच्या फोटोत एक म्हातारी नव्या घराच्या भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी आहे. मान किंचित कललेली, ओठ काहीतरी पुटपुटताहेत. खाली इंग्रजीत एक ओळ आहे: ती आपल्या नव्या घराला आशीर्वाद देते आहे. यवतमाळला आलेला प्रत्येक पाहुणा तो फोटो पाहून थबकतो. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून सांगतं की सर तिथे होते बरं का, दुभाषे म्हणून. मग पाहुणा माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो आणि मला स्वतःची शिसारी येते. ती ओळ माझी आहे, आणि ती खोटी आहे.

मी इंग्रजी शिकवतो. वय पन्नाशीच्या पुढं. परदेशातून स्वयंसेवक येतात, गरजू कुटुंबाला आपल्या हातांनी घर बांधून देतात आणि परत जातात, असं काम करणारी एक संस्था आमच्या जिल्ह्यात आहे. तिच्या सचिवांनी मला विचारलं, "सर, सुट्या आहेत तर दुभाषे म्हणून याल का? पुण्याचं काम आहे." पुण्य वगैरेवर माझा विश्वास नाही. पण आपल्या इंग्रजीचा गरिबाला उपयोग होईल, हा विचार मला फार आवडला. तो इतका आवडला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

गाव मुकुटबनच्या पलीकडचं. घर मिळणार होतं ते दोन बायकांना, सासू आणि सून. सुनेचा नवरा तेलंगणात मिरची तोडायला जायचा तो महिनोन्‌महिने यायचा नाही. मुलगी वसतिगृहात. सासूला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. दोघी एका कुडाच्या झोपडीत राहायच्या, तिची एक बाजू खचलेली होती. झोपडीसमोर अंगण, अंगणापुढं रस्त्याला लागून मोकळी जागा, आणि त्या जागेवर नवं घर. सासूनं आधीच सांगून टाकलं होतं की ती झोपडी सोडणार नाही. "माही चूल इथं हाय, माहे देव इथं हायेत, मी कायले जाऊ?" तेव्हा सून पुढच्या घरात राहणार आणि सासू मागं झोपडीत, मधे अंगण, असं ठरलं होतं. झोपडीच्या खांबापासून न्हाणीपर्यंत एक तार बांधलेली होती. सासू ती तार धरून अंगणभर फिरायची.

स्वयंसेवक रोज सकाळी संस्थेच्या गाडीतून यायचे. गाडीचं दार उघडलं की आधी त्यांच्या अंगाला लावलेल्या मलमाचा गोडसर वास बाहेर यायचा. शाळेतल्या मुली ओवाळायला उभ्या असायच्या. पहिल्या दिवशी ठीक होतं. पण सचिवांनी ते रोजचंच करून टाकलं, कारण पाहुण्यांना आवडलं होतं. लोक वाईट नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे. मनापासून आलेले होते. हाताला फोड यायचे, तरी घमेलं खाली ठेवत नव्हते. अंग पुसायला त्यांच्याकडे कागदासारख्या ओल्या रुमालांची पाकिटं असायची. ते रुमाल वापरून झाले की ते घराच्या आणि शेजारच्या भिंतीच्या मधल्या बोळात टाकायचे. तिथं नाली होती, म्हणून त्यांना ती कचऱ्याचीच जागा वाटली असावी. मी ते रोज बघत होतो. बोललो नाही. पाहुण्यांना काय सांगायचं.

म्हातारी झोपडीच्या दाराशी बसून सगळं ऐकायची. एकदा मला म्हणाली, "मास्तर, हे लोक एवढ्या दुरून इटा उचलाले आले?"

"हो आजी, विमानानं."

"काहून? तिकडं इटा नाई भेटत का?"

सून तोंडाला पदर लावून हसली. स्वयंसेवकांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं की तुम्ही इतक्या लांबून आलात याचं त्यांना आश्चर्य वाटतं. ते हरखले. ही माझी पहिली लबाडी, आणि ती इतकी सोपी होती की लबाडी वाटलीच नाही.

जोतं झालं आणि मुकुटबनहून दाराची चौकट आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा सुनेनं ती धुऊन पुसून ठेवली होती, हळदीकुंकू लावलं होतं, वर आंब्याचा डहाळा बांधला होता. आणि चौकट तिनं रस्त्याच्या बाजूला नाही, अंगणाच्या बाजूला जोत्याशी टेकवून उभी केली होती.

"सर," ती म्हणाली, "दार इकडून ठेवा ना. अंगनातून."

मला लगेच सगळं समजलं. म्हणजे तसं मला वाटलं. हळद, कुंकू, आंब्याचा डहाळा, आणि रस्ता दक्षिणेला. आमच्या घरातून दिशा आणि मुहूर्त आजोबांनीच घालवले होते. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातलं सगळं नदीत सोडलं होतं. त्या गोष्टीचा मला लहानपणापासून अभिमान आहे, आजही आहे. मी स्वतः शाळाशाळांतून अंधश्रद्धेवर बोलत आलो. तेव्हा मी हसून तिला म्हणालो, "ताई, दिशेचं काही मनात आणू नका. दक्षिणेचं दार असलं म्हणून कोणी मरत नाही."

"तसं नाई सर, ते बुढी…"

"आणि सासूबाईंनाही सांगा समजावून. जुनी माणसं असतात तशी."

ती "बरं" म्हणाली आणि विहिरीवर गेली. स्वयंसेवकांनी विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं, ही आपली एक पारंपरिक पूजा आहे. त्यांनी त्या चौकटीचे पुष्कळ फोटो काढले. मग ती उचलून रस्त्याच्या बाजूला नेली.

तरीही मनात काहीतरी राहिलं असावं, कारण दुपारी मी मिस्त्रीला विचारलं की अंगणाच्या बाजूनं दार करता येईल का. त्यानं थापी थांबवली नाही.

"मास्तर, ते मांगची भित्त सायबलोकाइले देली हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? सामोर चौकट हाय, खिडकी हाय, बाजूले दुसरी खिडकी. तिथं त्याइचं काम नाई. मांगं सरळ भित्त, ना दार ना खिडकी. दोरी लावून देली का ठेवत जातेत इटावर इटा. तिच्यात दार टाकलं त मंग त्याइले काय देऊ? खेळाले?"

सचिवांना विचारलं तर ते म्हणाले, "सर, दर्शनी भाग रस्त्याकडेच हवा. देणगीदाराचा फलक दिसला पाहिजे." मागचं एक दार वाढवता येईल का, हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण मला ऐकून घ्यायचं नव्हतं.

कारण तर रोज डोळ्यांसमोर घडत होतं. जोत्यावर एकच थर होता तोवर म्हातारी तार सोडून चार पावलं पुढं यायची, पायानं वीट चाचपायची आणि पलीकडे पाय टाकून सुनेपाशी जाऊन बसायची. भिंत गुडघ्याइतकी झाली तेव्हा सून तिचा हात धरून ओलांडवायची. कमरेइतकी झाली तशी म्हातारी अलीकडं उभी राहायची आणि सून वरून चहाचा कप द्यायची. रोज संध्याकाळी म्हातारी विचारायची, "भित्त किती आली वं?" सून सांगायची, "आली थोडीशी." एका बाजूला शेजाऱ्याचं काट्याचं कुंपण, दुसऱ्या बाजूला नालीचा बोळ. ही भिंत पुरी झाली की सुनेकडे जायला त्या आंधळ्या बाईनं बोळातून, नालीच्या काठानं, रस्त्यावर जाऊन वळसा घालायचा. रात्री तिला काही झालं तर तिची हाक भिंतीवर आपटून परत येणार.

दिशेचा काही संबंध नव्हता. हे मला भिंत कमरेइतकी असतानाच कळलं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मला इंग्रजीतही येत होतं, मराठीतही.

मी ते का बोललो नाही, हे सांगायला मला लाज वाटते. स्वयंसेवकांमध्ये एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांची बायको वारली होती. ती मागची भिंत ते इतक्या प्रेमानं बांधत होते की प्रत्येक थर झाला की त्यावरून हात फिरवायचे. रोज परतण्याआधी सगळे अंगणात खुर्च्या गोल मांडून बसायचे आणि दिवसभरात काय वाटलं ते सांगायचे. तिथं ते गृहस्थ रडले. म्हणाले, ही भिंत मी तिच्यासाठी बांधतो आहे. सगळ्यांचे डोळे भरून आले, माझेही. मग त्यांना कसं सांगायचं की ही भिंत चुकीच्या जागी आहे? मी त्यांचं रडणं जपलं. म्हातारीची वाट बंद झाली ती मात्र मला चालली.

त्या गोलात सुनेलाही बसवत. घरच्यांनी रोज सोबत काम केलंच पाहिजे, असा संस्थेचा नियम होता. बाहेर कापसाचा शेवटचा वेचा सुरू होता, गावातल्या बाया कमरेला कापसाच्या ओट्या बांधून सकाळीच वावरात जायच्या, आणि ही इथं परक्यांसोबत विटा झेलत उभी. एका संध्याकाळी तिची पाळी आली तेव्हा ती मला म्हणाली, "सर, उद्या तरी मले वेचाले जाऊ द्या म्हना. कापूस झाडावरून गळून राह्यला."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, त्या सांगताहेत की तुमच्यासोबत काम करताना थकवा जाणवत नाही.

टाळ्या वाजल्या. सुनेला वाटलं, सुट्टी मंजूर झाली. ती हात जोडून हसली, आणि त्या हसण्याला आणखी टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओटी बांधून निघाली तर सचिवांनी तिला परत बोलावून घेतलं. ती माझ्याजवळून गेली, पण वर बघितलं नाही. दुपारी गाडीत मला स्वयंसेवकांच्या डब्यातलं मिळालं, पावाला लावलेलं शेंगदाण्याचं गोड लोणी. मी ते बोटं चाटून खाल्लं. आजही तो वास आला की मी उठून खिडकी उघडतो.

घर झालं. अर्पणाच्या दिवशी रस्त्याकडच्या दाराला लाल फीत बांधली, वर फलक लावला, वाजंत्री बोलावली. फीत कापली, किल्ली सुनेच्या हातात दिली. ती आत गेली, सगळे तिच्यामागून आत गेले. खोलीत एवढी गर्दी झाली की मी बोळातून मागं आलो.

अंगणात म्हातारी एकटीच होती. तार सोडून ती पुढं आली होती आणि चुना दिलेल्या भिंतीला तळवे लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत होती. काट्याच्या कुंपणापर्यंत गेली, परत फिरली, बोळाच्या कोपऱ्यापर्यंत आली, पुन्हा परत. पलीकडे वाजंत्री, हसणं, सुनेचा आवाज. ती पुटपुटत होती, "दार कुठं हाय बाप्पा. आवाज त इथंच येऊन राह्यला. दार कुठं हाय."

तेवढ्यात ते निवृत्त गृहस्थ आणि कॅमेरा घेतलेली एक मुलगी माझ्यामागून आले. गृहस्थ जागीच थांबले. त्यांच्या भिंतीवरून, अगदी त्यांच्यासारखाच, कोणीतरी हात फिरवत होतं. मुलीनं फोटो काढला. गृहस्थांनी हळूच विचारलं, काय म्हणताहेत त्या?

मला विचार करायलाही वेळ लागला नाही. वाक्य तयारच होतं. मी म्हणालो, त्या घराला आशीर्वाद देताहेत.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "मास्तर हाय का? मास्तर, दार सांग ना." मी तिला धरून बोळातून नेलं. नालीच्या काठानं, ओल्या रुमालांच्या ढिगावरून. तिचा पाय घसरला, मी सावरलं. ती म्हणाली, "हे काय हाय रे पायाखाली, आतड्यावानी?" मी म्हणालो, काही नाही आजी, कचरा आहे.

त्यानंतर कॅलेंडर आलं. माझ्या घरीही आलं, ते मी कपाटामागं टाकलं. स्टाफरूममधलं काढायचं धैर्य झालं नाही. विद्यार्थ्यांनी त्या कामावर माझं भाषण ठेवलं तेव्हा मी तिथंही छान बोललो. माझी जीभ अशीच आहे, ती आपोआप साखर टाकते.

यंदा थंडीत सचिवांचा फोन आला. नवी तुकडी येणार होती, त्यांना आधीचं घर दाखवायचं होतं. "आणि सर, त्या बाईनं मागून भिंत फोडली म्हणे. भगदाड पाडलंय. डोनरला काय दाखवायचं? तुम्ही जरा जाऊन समजवा. तुमचं ऐकते ती."

माझं ऐकते ती. हे खरं होतं, तेच तर वाईट होतं.

मी एसटीनं मुकुटबनला आणि तिथून ऑटोनं गावात गेलो. रस्त्याकडच्या दाराला आतून कडी होती. कडीकोयंड्यात लाल फितीचा तुकडा अजून अडकलेला, फलक तेवढा पुसून चकचकीत. मी दार वाजवलं. आतून सुनेचा आवाज आला, "मांगून या."

मी बोळातून गेलो. नाली सुकली होती, पण ते रुमाल जसेच्या तसे होते. दोन पावसाळे खाऊनही कुजले नव्हते, मातीत अर्धे गाडलेले, फिकट, चामडीसारखे. त्यांच्यावर पाय न देता जाता येत नव्हतं. अंगणात पोचेपर्यंत माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

भिंतीच्या बरोबर मधोमध वाट पाडलेली होती. कडा वेड्यावाकड्या, दोन्हीकडून बाभळीच्या दांड्या लावलेल्या, वर पोत्याचा पडदा. न्हाणीची तार लांबवून त्या वाटेतून आत नेली होती आणि पुढच्या खिडकीच्या गजाला बांधली होती.

तारेवर हात ठेवून म्हातारी बाहेर आली. "कोन हाय?"

"मी आजी. मास्तर."

"भित्त बांधाले आला का परत?"

"नाही."

"मंग बस." सून चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मग चहा मांडला.

मी भगदाडाकडे बघून विचारलं, "हे कधी केलं?"

"गेल्या साली," सून म्हणाली. "बुढी रात्री पडली नालीत. पहाटेवरी तिथंच होती. मले आयकूच नाई आलं. मंग सब्बल घेतली." कुडाला टेकवलेली लोखंडी पहार तिनं दाखवली.

"जड गेलं असेल."

"कायचं जड? सायबलोकाइची भित्त होती. दोन सब्बल मारल्या का आली खाली." म्हातारी हसली, सूनही हसली. मला हसता आलं नाही. म्हातारीच्या उजव्या हाताचा पंजा वाकडा बसलेला मला तेव्हा दिसला.

मी म्हणालो, "आजी, त्या दिवशी तुम्ही दार शोधत होता. मी त्या लोकांना सांगितलं की तुम्ही घराला आशीर्वाद देताय."

"आशीर्वाद?"

"हो. तसा फोटो छापलाय त्यांनी."

"मी त शिव्या देऊन राह्यलती मनातल्या मनात," ती म्हणाली. "तुले म्हनून नाई मास्तर. सगळ्याइलेच." मग सुनेला, "साखर टाक वं त्याच्या चहात, बसला तसाच."

पडद्याच्या वरच्या विटा हलत होत्या. सून म्हणाली, कधी डोक्यावर येतील सांगता येत नाही, म्हणून ती म्हातारीला मान वाकवून जायला सांगते. नीट चौकट हवी होती. आणि चौकट घरात होतीच, रस्त्याकडे, ज्या दारातून आता कोणी येत-जात नव्हतं.

"ती काढून इकडं बसवू या का?" मी विचारलं. "मिस्त्रीला मी बोलावतो."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "सचिव सायब काय म्हनतीन?"

"मी सांगतो त्यांना."

"काय सांगसान?"

हा प्रश्न तिनं अगदी साधा विचारला, पण त्यात सगळं होतं. मी तिथंच फोन लावला, माझं बोलणं दोघींना ऐकू जाईल असा. सचिवांनी उचलल्याबरोबर माझ्या जिभेवर आधी गोडच काहीतरी आलं. ते गिळलं. म्हणालो, "साहेब, ते भगदाड नाही, ते दार आहे. तिनं तेव्हाच मागितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही, पाहुण्यांनाही सांगितलं नाही. म्हातारी त्यापायी नालीत पडून हात मोडून बसली आहे. पुढची चौकट काढून मागं बसवतोय."

मला वाटलं, ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे पुढं चौकटीच्या जागी भिंत येणार," ते हळूहळू म्हणाले. "सरळ? दार-खिडकी काही नाही?"

"नाही."

"मग तुम्ही मिस्त्रीला चौकट तेवढी हलवायला सांगा सर. पुढची भिंत ठेवा तशीच उघडी. नव्या बॅचला पहिल्या दिवशी द्यायला काहीतरी हवंच होतं. आणि तुम्ही येताय ना?"

मी फोन कानाशी धरून बसलो. बोळातल्या त्या रुमालांवर नवे रुमाल पडणार होते.

"काय म्हनले?" सुनेनं विचारलं.

मी सांगितलं, जसं म्हणाले तसं. पहिल्यांदाच एक शब्दही न बदलता. ते सांगायला किती बेचव लागतं, हे मला माहीत नव्हतं.

सून चहा गाळता गाळता थांबली. म्हातारीनं तारेवरचा हात उचलला, पडद्याच्या कडेला लावला, वाट जागेवर आहे ना ते पाहिलं आणि म्हणाली, "येऊ दे. रस्त्याकून भित्त बांधू दे त्याइले पाह्यजे तेवढी. इकडं यायचं नाई म्हना."

फोन अजून चालूच होता. सचिव विचारत होते, "काय म्हणताहेत सर त्या?"

ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं.